हंस-दमयंती : चित्र कसे पाहावे

चित्राविषयी बोलायचे आणि चित्र समोर नाही, ही मोठी अडचण. रेडिओवर ती पदोपदी जाणवते. आता हे भाषण छापून तुमच्या हाती आले आहे, तरी चित्र काही त्याच्याबरोबर आलेले नाही. पण आज ज्या चित्राविषयी मी बोलणार आहे त्याची कथाच अशी आहे, की तीत एका मुलीने एका पुरुषाला कधी पाहिले नाही, नुसते त्याचे वर्णन ऐकले, आणि तेवढ्यावर त्याला मनाने वरले. वर्णन करणारा होता एक हंस आणि ऐकणारी होती दमयंती. तेव्हा हंसाचे काम थोडा वेळ मी करतो, दमयंतीचे तुम्ही करा.

शिवाय तुमच्यापैकी काहींच्या घरी हे चित्र असेलही. जुने माळवदाचे घर असेल तर ढेलजेत किंवा देवळीच्या वर, लाकडी चौकटीत, काचेमागे एखादे तरी जुने रंगीत चित्र लटकलेले असते. लक्ष्मी असते, सरस्वती असते, शकुंतला असते. त्यांच्यातच कुठेतरी एक बाई उभी असते आणि तिच्याशी एक पांढरा पक्षी बोलत असतो. चूल होती तेव्हाच्या धुराने काच पिवळी पडलेली असते. पिढ्यान् पिढ्या आपण त्या चित्राखालून जातो-येतो. पण आपण ते पाहतो का, हा प्रश्न आहे.

मी हदगावात राहतो. इथून उत्तरेला निघाले की पैनगंगा लागते. नदी ओलांडली की उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची मुलगी. आपल्याकडच्या कितीतरी सुना नदीपलीकडून आलेल्या आहेत आणि आपल्या कितीतरी लेकी तिकडे नांदतात. त्या हिशेबाने ही गोष्ट परक्या मुलखातली नाही, शेजारच्याच लेकीची आहे, असे समजून ऐका.

चित्र काढले राजा रविवर्म्याने. रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचा. जन्म २९ एप्रिल १८४८ चा, मृत्यू २ ऑक्टोबर १९०६ चा. तैलरंगांनी, म्हणजे तेलात कालवलेल्या रंगांनी, पुराणातल्या कथा अशा रंगवायच्या की माणसे हाडामांसाची वाटावीत, ही त्याची कीर्ती. महाराष्ट्राशी त्याचा संबंध जवळचा होता. १८९४ साली त्याने मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे १८९९ साली, मुंबईत प्लेगचे दिवस असताना, तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथे दगडावर चित्र उतरवून घेत, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरीत, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंगांचे ठसे बसवीत. वरून तुकतुकीत लेप दिला की कागदावरचे चित्र तैलचित्रासारखे दिसे. राजवाड्यातले चित्र अशा रीतीने खेड्यातल्या भिंतीवर आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्याने तो छापखाना एका जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला, पण चित्रे छापली जातच राहिली. ‘हंस-दमयंती’ हे मूळ तैलचित्र १८९९ चे. ते तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे. तुमच्या भिंतीवरच्या छापील प्रतीत रंग थोडे वेगळे असतील, मागचा देखावाही बदललेला असेल; छापणाऱ्यांनी तशी मोकळीक घेतलेली आहे.

आता आधी कथा थोडक्यात सांगतो, कारण कथाचित्र हे कथेवाचून अर्धेच कळते. ही कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात सर्वस्व घालवून वनात बसलेल्या धर्मराजाला बृहदश्व ऋषी ती सांगतात. आपल्या मराठीत रघुनाथ पंडितांचे दमयंतीच्या स्वयंवराचे आख्यान प्रसिद्धच आहे. जुन्या विद्यार्थ्यांना ते आठवत असेल.

निषध देशाचा राजा नळ. त्याने दमयंतीविषयी ऐकलेले, तिने त्याच्याविषयी ऐकलेले. भेट मात्र नाही. एके दिवशी नळाने उपवनात एक हंस धरला. हंस म्हणाला, मला मारू नकोस, मी दमयंतीपाशी तुझे असे वर्णन करीन की ती दुसऱ्या कोणाचा विचार करणार नाही. नळाने त्याला सोडले. हंसांचा थवा विदर्भात आला. दमयंती सख्यांसह बागेत होती. पक्षी पाहून मुलीच त्या, एकेक जण एकेका हंसाच्या मागे धावली. दमयंती ज्याच्या मागे गेली तो हंस तिला एकीकडे घेऊन गेला आणि माणसाच्या वाणीने बोलू लागला. रविवर्म्याने रंगवलेला क्षण तो हा.

चित्रात काय आहे? डोळ्यांपुढे आणा. लाल साडी नेसलेली दमयंती उभी आहे. तिच्यासमोर दगडी कठड्यावर एक पांढराशुभ्र, लांब मानेचा हंस. भोवती पाणी, पाण्यात कमळे. बस्स, एवढेच. राजवाडा दाखवलेला नाही, सख्या नाहीत, दासी नाहीत. आणि ज्याच्याविषयी सगळे बोलणे चालले आहे तो नळ तर चित्रात कुठेच नाही.

इथे मी शिक्षक बंधुभगिनींना थोडे थांबवतो. चित्र म्हटले की आपण काय करतो? फळ्यावर दोन रकाने आखतो. हंस म्हणजे पावित्र्य, कमळ म्हणजे सौंदर्य, लाल रंग म्हणजे प्रेम. मुले ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात. मी स्वतः कितीतरी वर्षे असेच शिकवले. त्यात चूक अशी काही नाही. पण दुकानातल्या मालाची यादी म्हणजे दुकान नव्हे, तसेच चिन्हांची यादी म्हणजे चित्र नव्हे. एकेका खुणेला ‘तू इथे का?’ असे विचारले पाहिजे.

हंसालाच विचारू. महाभारतातल्या हंसाचे पंख सोन्याचे आहेत. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने याच कथेवर संस्कृत महाकाव्य लिहिले, त्यातही हंस सोन्याचाच. रविवर्म्याने मात्र तो पांढरा रंगवला. का बरे? एक कारण साधे, डोळ्यांचे आहे. सोनेरी पक्षी लाल साडीशेजारी तितका उठून दिसला नसता. पांढरा चटकन दिसतो. दुसरे कारण आपल्या मनातले आहे. हंस म्हटला की आपल्याला सरस्वतीजवळचा हंस आठवतो, दूध आणि पाणी वेगळे करणारा. असा पक्षी खोटे बोलणार नाही, असे आपल्याला वाटते. सोन्याच्या पंखांचा पक्षी चमत्कारिक वाटला असता, पांढरा हंस विश्वासू वाटतो. दमयंतीने एका पाखराच्या शब्दावर आयुष्य का टाकले, याचे उत्तर चित्रकाराने रंगात दिले आहे. पोथीतला रंग बदलला, पण पोथीतला अर्थ त्याने जवळ आणला.

दमयंती एकटी का? याचे उत्तर कथेतच आहे. सख्या आपापल्या हंसामागे पांगलेल्या आहेत. पण चित्रकाराला दूरवर दोन-चार सख्या धावताना दाखवता आल्या असत्या. त्याने दाखवल्या नाहीत. मनातली गोष्ट ऐकताना माणूस गर्दीतही एकटा असतो. मुलीला तिच्या लग्नाविषयी कोणी पहिल्यांदा काही सांगते, तेव्हा घरात वीस माणसे असली तरी ती त्या क्षणी एकटीच असते. हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी जास्त सांगायला नको.

साडी लाल का? लाल हा आपल्याकडे कुंकवाचा, सौभाग्याचा रंग. दमयंती अजून कुमारी आहे. स्वयंवर ठरलेलेसुद्धा नाही. पण मनाने ती आत्ताच सौभाग्यवती होऊ लागली आहे, असा अर्थ कोणी काढला तर तो या चित्रात बसतो. मात्र हे सांगताना जपून बोलावे. चित्रकाराला कदाचित पांढऱ्याजवळ लालच हवा असेल. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

आणि कमळे? कमळांविषयी मी आणखी जपून बोलेन. तळे म्हटले की कमळे येतातच. शेत काढले म्हणजे त्यात बैल आला. बैल दिसला की लगेच ‘हा नंदी’ म्हणण्याचे कारण नाही. चित्रातली प्रत्येक वस्तू चिन्ह नसते, काही वस्तू नुसत्या वस्तूच असतात. ज्या वस्तूचे कथेशी किंवा माणसाच्या मनःस्थितीशी नाते दाखवता येते, तीच खूण.

राहिला नळ. नळ चित्रात नाही, ही या चित्रातली सर्वांत मोठी खूण आहे असे मला वाटते. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात ‘पूर्वराग’ असा एक शब्द आहे. भेटीच्या आधी, नुसत्या ऐकण्याने किंवा चित्र पाहण्याने जे प्रेम उपजते तो पूर्वराग. ज्याच्यावर प्रेम आहे तो समोर नाही, हा त्याचा प्राण. नळ कोपऱ्यात, झाडाआड जरी दाखवला असता तरी हे चित्र पूर्वरागाचे राहिले नसते. दमयंतीला जो दिसत नाही तो आपल्यालाही दिसता कामा नये, हे चित्रकाराने ओळखले. त्यामुळे आपण तिच्याच जागी जाऊन उभे राहतो.

इथवर मी जे सांगितले ते पुस्तके वाचून आणि चित्र पाहून जुळवलेले आहे, आणि पुष्कळ दिवस मला वाटत होते की चित्र इथे संपले. ते तसे नाही हे मला एका म्हाताऱ्या बाईने दाखवले. ती हकीकत सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

मनाठ्याकडच्या एका खेड्यात एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. ढेलजेत बसलो आणि वर पाहिले तर हेच चित्र. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. चित्र त्याच्या आजीच्या सासूच्या वेळचे. मला राहवले नाही. चहा येईपर्यंत मी त्या मुलाला सगळे समजावून सांगितले : हंस, पांढरा रंग, लाल साडी, नळ कसा दिसत नाही ते. आजी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमी समदं बराबर सांगितलं. पर ती हसना गेलीय, ते बगितलं का?”

मी म्हणालो, “मावशी, लाजली असेल.”

“लाजली असंल. पर मला काय वाटतंय सांगू का? हंस लई गोड बोलायलाय. राजा असा हाय, राजा तसा हाय. अन् ह्यो राजा एक दिवस अर्धं लुगडं फाडून रानात टाकून जाईल, ते काई सांगंना.”

मी गप्प झालो. मुलगाही गप्प झाला. मग त्यांनी आपण होऊन सांगितले, की बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे मालक काम बघायला मुंबईला गेले. पदरात पाच महिन्यांचे लेकरू. दोन वर्षे चिठ्ठी नाही, पैसा नाही. “रोज ह्या बाईकडं बघायची मी. म्हणायची, तुलाबी कुणी सांगितलं न्हाई, मलाबी कुणी सांगितलं न्हाई.” मालक तिसऱ्या वर्षी परत आले. आजींनी त्याविषयी अधिक काही सांगितले नाही. शेंगांचे सूप उचलून त्या आत गेल्या.

वाचकहो, त्या दिवशी मला कळले की मी चित्रातल्या खुणा मोजल्या होत्या, आणि चित्राचा भाव त्या बाईने ओळखला होता.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट पाहा. अर्धे लुगडे हा कथेतला पुढचा प्रसंग. लग्न होते, काही वर्षे सुखाची जातात, मग कलीने पछाडलेला नळ आपल्या भावाशी, पुष्कराशी, फासे खेळतो आणि राज्य हरतो. दोघे वनात जातात. भुकेला नळ काही पक्षी दिसले म्हणून त्यांना धरायला अंगावरचे वस्त्र टाकतो, तर ते पक्षी वस्त्र घेऊनच उडून जातात आणि वरून सांगतात, आम्ही फासे आहोत. मग एकाच लुगड्यात दोघे. रात्री ती झोपलेली असताना नळ त्या लुगड्याचा अर्धा भाग तलवारीने कापून घेतो आणि तिला एकटीला टाकून निघून जातो. जाताना पुन्हा पुन्हा परत येतो, तिच्याकडे पाहून रडतो, पण अखेरीस जातो.

आता एक गंमत पाहा. गंमत कसली, काळीज हलवणारी गोष्ट आहे. वस्त्र पळवणारे ते पक्षीही महाभारतात सोनेरी पंखांचेच आहेत. सोन्याच्या पंखांनी नवरा आणून दिला आणि सोन्याच्या पंखांनीच अंगावरचे वस्त्र नेले. ज्याला कथा ठाऊक आहे तो हंसाकडे पाहताना त्या दुसऱ्या पक्ष्यांना विसरू शकत नाही. आणि ज्याला अर्ध्या लुगड्याची गोष्ट ठाऊक आहे तो दमयंतीच्या अंगावरची ती भरजरी, पूर्ण लाल साडी नुसती साडी म्हणून पाहू शकत नाही. साडी हीसुद्धा खूण आहे. पण ती खूण दमयंतीला ठाऊक नाही. आपल्याला आहे.

कथाचित्राचा भाव इथे जन्मतो. नाटकात किंवा कीर्तनात एकामागून एक प्रसंग येतात. चित्राला एकच क्षण मिळतो. लेसिंग नावाच्या एका जर्मन टीकाकाराने १७६६ साली हेच मांडले, की चित्रकाराने असा क्षण निवडावा ज्यात मागचेही कळते आणि पुढचेही जाणवते. रविवर्म्याने निवडलेला क्षण आनंदाचा आहे, पण तो पाहणारे आपण सगळी कथा जाणणारे आहोत. तिचे न जाणणे आणि आपले जाणणे, या दोहोंमध्ये जी जागा उरते तिथे चित्राची उदासी साठते. रंग उदास नाहीत. चेहरा रडवेला नाही. तरी पाहताना मन भरून येते, ते त्यामुळे.

कोणी विचारील, हे सगळे चित्रकाराच्या मनात होते कशावरून? रास्त प्रश्न आहे. मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, पण एक पुरावा देऊ शकतो. १८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याला पुराणकथांवरची चौदा चित्रे सांगितली आणि १८९० च्या सुमारास ती पुरी झाली. त्या चौदांत एक चित्र नळ-दमयंतीचे होते, आणि त्यासाठी त्याने प्रसंग निवडला तो हाच : झोपलेली दमयंती आणि तिला सोडून जायला निघालेला नळ. म्हणजे हंसाचे चित्र काढण्याच्या नऊ-दहा वर्षे आधी त्याच हाताने टाकून जाण्याचे चित्र काढले होते. पुढे काय होणार हे त्या हाताला पुरते ठाऊक होते. शेवट आधी रंगवला आणि आरंभ नंतर. हा क्रम ध्यानात ठेवून हंसाच्या चित्राकडे पुन्हा पाहिले म्हणजे मनाठ्याकडच्या आजींचे बोलणे वेगळ्याच वजनाने ऐकू येते.

रविवर्म्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले आहेत, ते लपवायचे कारण नाही. आनंद कुमारस्वामींसारख्या विद्वानांना वाटे की त्याच्या देवता नाटकातल्या पात्रांसारख्या दिसतात. विलायती तऱ्हेने रंगवलेल्या पुराणकथांत आपल्या परंपरेचे खोल काही उरत नाही. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तो काळच संगीत नाटकाचा होता; अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले होते. रविवर्म्याच्या बायका उभ्या राहतात त्या पुष्कळदा रंगमंचावर उभ्या राहिल्यासारख्या. पण त्याच ओळखीच्या उभे राहण्यामुळे, ओळखीच्या साडीमुळे आणि ओळखीच्या चेहऱ्यामुळे खेड्यातल्या एका बाईला दोन वर्षे त्या चित्राशी बोलता आले. विद्वानांच्या तराजूत हेही एक वजन टाकावे, एवढेच माझे म्हणणे.

आता शिक्षकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आज तुमच्या हातातल्या फोनवर हे चित्र मिनिटभरात निघते. वर्गात दाखवा. पण दाखवल्या दाखवल्या बोलू नका. एक मिनिट मुलांना नुसते पाहू द्या. वर्गात एक मिनिट शांतता ठेवणे किती अवघड असते हे मला ठाऊक आहे, तरी ठेवा. मग चार प्रश्न विचारा. पहिला, काय दिसते? दुसरा, काय दिसत नाही? तिसरा, याच्या आधी काय घडले असेल आणि पुढे काय घडेल? आणि चौथा, प्रत्येक उत्तरानंतर विचारायचा : कशावरून?

हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एखादा मुलगा म्हणेल, ती बाई हंसाला दाणे टाकायला आली आहे. त्याला हसू नका. कशावरून, असे विचारा. तो चित्रात दाणे शोधील, ते सापडणार नाहीत, आणि तो आपण होऊन दुसरे उत्तर शोधू लागेल. एखादी मुलगी म्हणेल, ती काळजीत आहे. कशावरून? ती चेहऱ्याकडे पाहील, उभे राहण्याकडे पाहील. कथा त्यानंतर सांगा. कथा ऐकून झाली की पुन्हा एकदा चित्र दाखवा आणि विचारा, आता काही बदलले का? चित्र तेच असते, पण मुले ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’साठी एवढा खटाटोप.

आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही चित्र दाखवायला मुलांना सांगा. अर्थ काय, असे विचारू नका म्हणावे. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारा. पुस्तकात नसलेले एखादे उत्तर वर्गात येईल.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. नळ-दमयंतीची कथा ही आरंभापासून अखेरपर्यंत खुणा ओळखण्याची कथा आहे. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचेच रूप घेऊन बसले. पाच नळ, सगळे सारखे. दमयंतीने देवांची करुणा भाकली, तेव्हा त्यांनी आपापली चिन्हे प्रकट केली आणि तिने खरा नळ ओळखला. कशावरून? देवांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, नळाचे टेकत होते. देवांच्या माळा ताज्या होत्या, नळाची कोमेजली होती. देवांची पापणी लवत नव्हती, नळाची लवत होती. त्याच्या अंगावर धूळ होती, घाम होता, आणि त्याची सावली पडत होती. म्हणजे कमीपणाच्या ज्या खुणा, त्याच तिने माणसाच्या खुणा म्हणून वाचल्या.

पुढे नळ हरवला तेव्हा तिने ब्राह्मणांकरवी गावोगाव प्रश्न पाठवला, की अर्धे वस्त्र कापून घेऊन गेलेला तो कुठे आहे? ज्या वस्त्राने ताटातूट केली तेच वस्त्र शोधाची खूण झाले. आणि रूप पालटलेला नळ बाहुक नावाचा सारथी होऊन तिच्या दारी आला, तेव्हा त्याच्या हातच्या स्वयंपाकाची चव घेऊन तिने त्याला ओळखले.

ती स्वतः कशी ओळखली गेली ते ठाऊक आहे? चेदी देशात ती दासीसारखी राहत होती. माहेरचा सुदेव नावाचा ब्राह्मण तिला शोधीत आला. तिच्या भुवयांमध्ये जन्मापासून एक तीळ होता, पण तो मळाने झाकला गेला होता. राजकन्या सुनंदेने तो मळ पुसला तेव्हा तीळ दिसला, आणि सगळ्यांना कळले की ही भीमराजाची लेक दमयंती.

तुमच्या घरी ते चित्र असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशी खाली उतरवा. काचेवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. लेकरांना जवळ बसवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारा, आणि थोडा वेळ कोणीच काही न बोलता पाहा.